केवलचंद आणि बाकीचे संत

३१ जानेवारी २०२५

फडकं बाहेर तारेवर टाकलं. चिमटा लावला. ब्रिजिड संतबाई आज रात्री फिरते म्हणे, जाता जाता फडक्याला हात लावते. मग वर्षभर कुणाचं डोकं दुखलं की ते कपाळाला बांधायचं. माझं डोकं कधी दुखत नाही. पण बायकोने, ममताने, आयर्लंडहून मेसेज केला — विसरू नको. म्हणून टाकलं.

१ फेब्रुवारी

ब्रिजिडचा दिवस. सकाळी भाताच्या पेंढ्याचा क्रूस वळायला बसलो. आयर्लंडला लव्हाळ्याचा करतात, आमच्या खांडबाऱ्यात पेंढाच. मध्ये चौकोन यायला पाहिजे. माझ्याला पाच कोन आले. तसाच दाराला लावला.

शेजारच्या धनकंवर भाभींनी तांब्याभर दूध आणून दिलं. "ईश्वरभाऊ, आज कोणता संत शे?" म्हटलं, ब्रिजिड. गायीगुरांची, दुधालोण्याची. "मंग ती तं आम्हनामधलीच शे." दुधाचा संत असला की भाभी खूश. सुक्या बोंबलाचा असला की त्यांच्या खिडक्या बंद! जैन माणसं. भिंतीला भिंत लावून त्यांचं धान्य-किराण्याचं दुकान. हीरालालभाई वारल्यापासून मुलगा जिनेश दुकान बघतो आणि भाभी कबुतरं बघतात. ओट्यावर रोज ज्वारी टाकतात.

आमच्या मांजरांची, संतांवरून ठेवलेली, नावंही त्यांनी आपल्या सोयीने करून घेतली आहेत. ब्रिजिडची झाली ब्रिजबेन. बोका केविन, त्याचा केवलचंद.

संध्याकाळी ममताचा फोन. व्हिडिओ नाही. "नेट बरोबर नाही" म्हणाली. मग व्हिसल वाजवली — तिकडची पत्र्याची बासरी. नाचाची चाल होती. तिच्या वाजवण्यात दुसऱ्या ओळीला दर वेळी एक सूर घसरतो, मग ती "थांब थांब" म्हणते आणि पहिल्यापासून धरते. आज काही घसरलं नाही. सरळ शेवटपर्यंत. ब्रिजिडने साय चाटून घेतली, केविन कणगीवर बसून ऐकत होता. सगळं छान झालं. मला मात्र करमलं नाही.

२ फेब्रुवारी

बाजारात वीरसिंग भेटला. नवापूर डेपोत आम्ही बरोबरच कंडक्टर होतो. दारावरचा क्रूस त्याने पाहिला असणार. "गावित, ख्रिस्ती झाला का रे?"

काय सांगू त्याला. ममता जन्माने ख्रिस्ती, चिंचपाड्याकडची, पण तिच्या चर्चमध्येही संतांचे दिवस पाळत नाहीत. पास्टर म्हणतात, आपल्यात ही रीत नाही. मी माझ्या आईबापांच्या देवांचा. म्हणजे हे सण इथे कुणाचेच नाहीत. ममता नर्स म्हणून आयर्लंडला गेली, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला लागली, आणि नोरा नावाच्या बाईकडे भाड्याने राहिली. ही नोरा प्रत्येक संताच्या दिवशी मांजरांना साय घालते आणि त्यांच्यापुढे वाजवत बसते. तिथून ते आमच्याकडे आलं. ममता तिकडे वाजवते, मी इकडे फोन मांजरांपुढे धरतो. चौदा वर्षं आमचा संसार असा चाललाय. लोकांची असते दिवाळी. आमचा ब्रिजिड, आमचा पॅट्रिक.

वीरसिंगला म्हटलं, शोभेला लावलाय.

९ फेब्रुवारी

फोन आला. पुन्हा नुसता आवाज. आवाजही जड. दाताच्या डॉक्टरकडून उठून आल्यावर बोलतात तसा. "सर्दी आहे," म्हणाली.

मार्चअखेर नोकरी सोडून कायमची येणार होती. आता म्हणते, मे बघू.

१० फेब्रुवारी

तिकडे तिला माणसं आहेत. शनिवारी सगळे एका ठिकाणी जमतात, कुणी फिडल आणतं, कुणी डफासारखं वाद्य आणतं, बसून वाजवतात. इथे कोण आहे? मी आणि दोन मांजरं. परत यावं तरी कशासाठी?

वाचून पाहिलं. वाईट दिसतं. खोडत नाही.

१६ फेब्रुवारी

फार वाईट दिवस.

सकाळी भाभींची हाक ऐकू आली. माझ्या नावाची नाही, नुसती हाक. धावत गेलो. भाभी ओट्यावर उभ्या, पायाशी ज्वारी सांडलेली, आणि केविनच्या तोंडात कबुतर. पंख हलत होता. मी त्याची मान धरून सोडवलं. तो गेला पळून. कबुतर माझ्या हातात राहिलं.

भाभी खाली बसल्या आणि कबुतराच्या कानाशी तोंड नेऊन नवकार मंत्र म्हणायला लागल्या. सावकाश, एकेक शब्द, जसा माणसाच्या शेवटच्या वेळी म्हणतात. मी तसाच वाकून उभा. हलावं की नाही कळेना. मंत्र संपायच्या आत ते गेलं. तरी त्यांनी पुरता म्हटला.

मी म्हटलं, भाभी, बोका म्हणजे जनावर, त्याला काय कळतं.

त्या म्हणाल्या, "त्याले नही कळत. माले कळस. दाना मी टाकस. मीच बलाईसन मारं त्याले."

आत गेल्या. दार लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी

ओट्यावर दाणे नाहीत. कबुतरं आली, बसली, उडून गेली.

१९ फेब्रुवारी

जिनेश आला. शहाणा मुलगा, आवाज चढवत नाही. "काका, आईने उपास धरलेत. मांजर दिसलं की आत जाते. त्याला काही करू नका, आमच्यात ते चालणार नाही. पण कुठे तरी लांब सोडून या."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हीरालालभाई शेवटी अंथरुणाला खिळले होते तेव्हा ममता सुट्टीवर आली होती. रोज सकाळी जाऊन त्यांना अंघोळ घालायची. आमची दोन घरं म्हणजे मधली भिंत तेवढी जास्त. आता भाभी माझ्याकडे बघत नाहीत.

२० फेब्रुवारी

केविनला थैलीत घालून एसटीत बसलो. थैली ओरडायला लागली. कंडक्टर म्हणाला, "काका, आत काय आहे?" म्हटलं, संत आहे. तो हसला. मी हसलो नाही.

डोंगरातल्या पाड्यावर माझी थोरली बहीण गजराबाई राहते. तिच्याकडे मका भरपूर आणि उंदीर त्याहून भरपूर. केविनला सोडलं तसा तो माळ्यावर चढून बसला. निघताना हाक मारली. बघितलंही नाही.

घरी आलो. ब्रिजिड दारात बसलेली. माझ्या मागे बघत होती.

२३ फेब्रुवारी

ममता : "केविन कसा आहे?"

मी : "आहे. झोपलाय."

कॅमेरा बंद असल्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

२ मार्च

परत तेच. "केविनला फोनजवळ घे, म्याव तरी करू दे." मी ब्रिजिडला धरलं. ब्रिजिडने म्याव केलं. ममता म्हणाली, "त्याचा आवाज बदललाय." म्हटलं, सर्दी आहे.



१४ मार्च

होळीला पाड्यावर गेलो होतो. मोठा ढोल, रात्रभर नाच. एरवी ढोल लागला की माझे पाय थांबत नाहीत. या खेपेला मी गजराबाईच्या ओसरीवर बसून राहिलो. केविन आला, जाडा झालाय. मांडीवर चढला नाही. पायाला अंग घासून निघून गेला. गजराबाई म्हणाली, हा आता इथला. आणि मग, ममता कधी येणार? म्हटलं, मेमध्ये. ती उठून आत भाकरी टाकायला गेली. 

१७ मार्च

आज दोन संत. पॅट्रिक, त्याने तिकडचे साप हाकलले. आणि गर्ट्रूड, ती मांजरांची. एरवी हा आमचा सगळ्यात मोठा दिवस. बोंबील भाजायला घेतले, पण मन नव्हतं.

दुपारी दारात भाभी. कबुतरानंतर पहिल्यांदा. बोंबलाचा वास घरभर, तरी उभ्या राहिल्या. पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ममता व्हिडिओ करत नही ना?"

म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?

"तिन्हं तोंड वाकडं व्हयेल शे. जानेवारीमा. डावी बाजू. लकवा."

मी पाटावर बसलो. तवा करपत होता. भाभींनीच पुढे होऊन गॅस बंद केला. बोंबलाच्या तव्याशी हात नेऊन.

म्हटलं, मला का नाही सांगितलं? तुम्हाला सांगितलं आणि मला नाही?

"ती नर्स शे. दवा, डाक्टर तिले सगळं म्हाईत. तिले माले दुसरंच विचारनं व्हतं." मग थांबून म्हणाल्या, ममताने विचारलं — भाभी, हीरालालभाईंचं तोंड वाकडं झालं तेव्हा त्यांच्याकडे बघून तुम्हाला कसं वाटलं होतं? खरं सांगा.

म्हटलं, तुम्ही काय सांगितलंत?

"खरं सांगं. पहिला दिन भ्याव वाटना. दुसरा दिन त्यासले चहा पाजना व्हता."

कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता त्यांनी ममताला. आज मोडला. त्यांच्या साधू-महाराजसाहेबांकडून प्रायश्चित्त घेणार म्हणाल्या. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ब्रिजिडच्या दिवशी वाजवत होती ती नोरा. ममताचे ओठ मिटत नाहीत. फुंक बाजूने निसटते.

आणि मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं.

१८ मार्च

फोन लावला. व्हिडिओ लाव, असं म्हटलं नाही. आधी माझं सांगितलं. केविन घरात नाही, फेब्रुवारीपासून नाही, तुला खोटं सांगत होतो. कबुतराचं सांगितलं, भाभींच्या उपासाचं सांगितलं. ती ऐकत होती. 

मग फोनवर उजेड आला.

डावी भुवई जागची हलत नव्हती. डावा गाल उतरलेला, डोळा पुरता मिटत नाही, पाणी गळत होतं. उजवी बाजू माझी बायको होती. डावी बाजू कुणी दमलेली दुसरीच बाई. भ्याव वाटलं. लिहून ठेवतो, वाटलं.

मी विचारलं, "चहा सांडतो का?"

"डावीकडून. स्ट्रॉने पिते."

"चहा? स्ट्रॉने?"

ती हसली. अर्धी. आणि त्या अर्ध्या हसण्याने ती पुरती ममता झाली. मग मी रडलो. ती रडली की नाही कळलं नाही, तिचा एक डोळा तसाही गळतो.

डॉक्टर म्हणतात बरंच भरून येईल. सगळं येईल असं नाही. "चौदा वर्षांनी यायचं आणि हे तोंड घेऊन यायचं?" म्हणाली. "लोक म्हणतील, बाहेर जाऊन हेच कमावलं."

म्हटलं, लोक माझ्या क्रूसाला पाच कोन आहेत तेही म्हणतात. ये.

२३ मार्च

भाभी म्हणाल्या, "केवलचंदले लयी या. बाई घर यी ऱ्हायनी आनि तिन्हं मांजर नही?"

मी म्हटलं, आणि कबुतरं?

त्यांनी मुठीतून काढून दाखवलं. लाल दोरीत ओवलेले घुंगरू. "तो चालना का वाजी. त्या उडी जातीन."

२४ मार्च

थैली, एसटी, ओरडा. या खेपेला कंडक्टरने विचारलं तेव्हा मी हसलो.

२५ मार्च

केविन घुंगरू वाजवत घरभर फिरतोय, स्वतःच्याच आवाजाने दचकतोय. ब्रिजिड त्याच्या तोंडात मारून आली. भाभींनी ओट्यावर ज्वारी टाकली आणि बराच वेळ हातात काठी घेऊन बसून राहिल्या.

१० एप्रिल

महावीर जयंती. मिरवणुकीला गेलो. परत येताना भाभींनी विचारलं, हा केवलचंद ज्याच्या नावाचा, तो संत कोण होता?

ममताने सांगितलेलं होतं तेच सांगितलं. लहानशी झोपडी, प्रार्थनेला बसला की एक हात खिडकीबाहेर. एकदा पक्षीण येऊन त्या तळहातावर बसली, घरटं केलं, अंडी घातली. तो हललाच नाही. पिल्लं फुटून उडून जाईपर्यंत हात तसाच.

भाभी चालता चालता थांबल्या. "त्यान्हं नाव तुम्ही बोकाले ठेवं?"

म्हटलं, ममताने ठेवलं. तिला गंमत वाटली.

त्या हसल्या. मग त्यांनी मेघरथ राजाची गोष्ट सांगितली. शांतिनाथ भगवानांचा आधीचा जन्म. ससाण्यापासून पळून कबुतर त्याच्या मांडीवर आलं, ससाणा म्हणाला माझं भक्ष्य दे, तर राजाने कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस कापून तराजूत टाकायला घेतलं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "पन तुम्हना संतनी काहीच कापं नही. नुसता हात धरी ठेवा. ते जास्ती कठीन."

कोपऱ्यावर पुन्हा विचारलं, त्याचा दिवस कधी येतो? म्हटलं, तीन जून. "करूत," म्हणाल्या.

४ मे

ममताने तिकीट काढलं. मी घराला चुना लावायला घेतला. केविनच्या पाठीवर पांढरा पट्टा.

२२ मे

आली.

सुरतेकडून गाडी उशिरा आली. खांडबारा स्टेशनावर ऊन नुसतं आग. ममताने ओढणीने तोंड बांधलेलं. मे महिना, सगळ्याच बायकांची तोंडं बांधलेली. तिचं कुणाला काही वाटलं नाही. मला तिचे डोळे तेवढे दिसत होते. डावा गळत होता. म्हणाली, "उन्हाने." म्हटलं, हो.

गल्लीत लोक विचारत होते, कशी आहेस, किती दिवसांसाठी. ती ओढणीआडून बोलत होती. घरात आलो. तिने दार लावलं आणि ओढणी सोडली. केविन लांबूनच बघत राहिला. ब्रिजिड आली, वास घेतला आणि बॅगेवर जाऊन बसली.

चहा केला. स्ट्रॉ आणून ठेवलेल्या होत्या. "नको," म्हणाली, "कपात दे." तेवढ्यात दार वाजलं. भाभी. ममताने ओढणीकडे हात नेला, पण भाभी आत आलेल्याच होत्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ममताने एक घोट घेतला. डावीकडून चहा ओघळला. भाभींनी पदराचं टोक घेतलं, तिची हनुवटी पुसली, आणि म्हणाल्या, "साखर कमी पडनी का?"

मी उगाच मोरीत जाऊन हात धुऊन आलो.

२४ मे

आज ममता तोंड न बांधता बाजारात गेली. वीरसिंग भेटला. बघत राहिला, मग म्हणाला, "वहिनी, लकवा ना? माझ्या मावशीला झाला होता. कोपऱ्यावरचा वैदू तेल देतो." ममताने तेलाची चौकशी केली. झालं. एवढंच होतं ते.

२६ मे

ममताने व्हिसल काढली. फुंकली — नुसती हवा. परत फुंकली. ओठाचा डावा कोपरा उघडाच राहतो. तो बोटाने दाबावा, तर भोकांवर बोटं कमी पडतात. तिने व्हिसल बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी शेजारी जाऊन बसलो. माझं बोट तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर ठेवलं. दाबून धरलं. म्हटलं, आता फुंक.

तिने फुंकली. बोकड ओरडावं तसा सूर आला. ब्रिजिड उठून बाहेर गेली. आम्ही दोघं असं हसलो की व्हिसल खाली पडली. परत धरली. सगळी चाल नाही, चार-सहा सूर. माझं बोट भिजलं होतं. काढलं नाही.

भिंतीपलीकडून भाभींचा आवाज आला — "आनखी एकदाव."

३ जून

केविनचा दिवस. भाभी सकाळीच दूध घेऊन आल्या. केविनला स्वतःच्या हाताने पाजलं. मग ममताजवळ बसून म्हणाल्या, पावसाळ्याचा चौमासा संपला की दीक्षा घेणार. साध्वी होणार. नाव जाईल, केस जातील, अनवाणी गावोगाव. फोन नाही. या घराचा उंबरा, त्या घराचा उंबरा, काहीच परत नाही.

ममताने त्यांचा हात धरला तो सोडला नाही.

महाराजसाहेबांनी हो म्हटलंय. दीक्षेला घरच्यांची आज्ञा लागते, ती जिनेशने दिली आहे. मला कुणी विचारलं नाही.